फ्रिजात जागा नाही

पुंडलिकरावांनी उभ्या नोकरीत लाखभर कागदांना भोकं पाडली, पण एकही भोक वाकडं गेलं नाही. कागद दुमडून मध्य काढायचा, नखाने खूण करायची आणि मगच पंचिंग मशीन दाबायचं, ही त्यांची शिस्त. कार्यालयातले लोक त्यांची फाइल उजेडाकडे धरून आरपार पाहायचे आणि मान डोलवायचे. अशा माणसाच्या हातून निवृत्तीनंतर एकच भोक पडलं आणि ते नेमकं स्वतःच्या फ्रिजला पडलं, याला नशीब म्हणतात. त्यांच्या पत्नी तानाबाई याला दुसरं काहीतरी म्हणत असत, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

झालं असं की यंदा अधिकमास, म्हणजे आमच्याकडचा धोंड्याचा महिना, भर उन्हाळ्यात आला. या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं आणि जावई निघाला की सासऱ्याने पंख्याखाली आडवं व्हायचं, अशी रीत. हा महिना तीन वर्षांतून एकदाच येतो म्हणून सासरे लोक तग धरून आहेत. आर्णीत त्या दिवसांत नळाचं पाणी आंघोळीआधी गार करून घ्यावं लागतं. लेक वैष्णवी आणि जावई रविवारी येणार होते, आणि जावयाला आमरस लागतो तो थंडगारच. म्हणून तानाबाईंनी पहिल्या आंब्यांचा रस काढून, कसा होतो ते पाहायला, एक डबा बर्फाच्या कप्प्यात ठेवला. तो बर्फात असा रुतून बसला की जसा काही तिथेच जन्मला होता.

"बटन बंद करा, दार उघडं ठेवा अन् गुपचूप बसा. आपोआप सुटते," असं सांगून तानाबाई दळणाला गेल्या. तीन गोष्टींपैकी दोन पुंडलिकरावांनी केल्या. गुपचूप बसणं मात्र त्यांना जमलं नाही. त्यांनी पेचकस घेतला, डब्याच्या कडेला लावला आणि वरून बत्त्याने हलकेच ठोकलं. आतून फुस्स असा लांब आवाज आला. दिवसभर उभं राहिलेला माणूस खुर्चीत बसताना जसा श्वास सोडतो, तसा. डबा सुटला. पुंडलिकराव खूश झाले. बर्फाने अखेर हार मानली, असा त्यांनी त्या आवाजाचा अर्थ लावला.

यातली खरी गंमत अशी की फ्रिजच्या दारावर त्यांच्याच सुवाच्य अक्षरातली, जुनी, पिवळी पडलेली सूचना चिकटवलेली होती. हात कोरडे करून दार उघडावे. दार उघडे ठेवून विचार करत उभे राहू नये. बर्फ काढण्यासाठी टोकदार वस्तूचा वापर करू नये. आदेशावरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध फाटलं. फ्रिज घरघरत होता, दिवा लागत होता, पण आत आणि बाहेर एकच ऋतू होता. तानाबाईंनी कप्पा पाहिला, भोक पाहिलं, सूचना मोठ्याने वाचली आणि पेचकस नवऱ्याच्या पुढ्यात आणून ठेवला. आणि फाटलेलं दूध गाळायला वळल्या. पुंडलिकरावांना हे फार लागलं. ओरडल्या असत्या तर त्यांना निदान उलट ओरडता आलं असतं.

मुलगा कपिल पुण्यात असतो. त्याला कळायला वेळ लागला नाही, कारण तानाबाईंनी त्याला फोन करायला वेळ लावला नाही. तो म्हणाला, "बाबा, तो फ्रिज आता माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांपेक्षा वयाने मोठा आहे. मी नवा पाठवतोय. सोमवारी माणसं येतील, नवा ठेवतील आणि जुना घेऊन जातील."

"घेऊन कायले जातील?" पुंडलिकराव म्हणाले. "तो काय आजारी आहे का? रविवारी जवाई येऊन राह्यले. रविवारच्या जेवणापर्यंत यात बर्फ जमला, तं तुह्या फ्रिजले आल्या पावली वापस पाठवीन."

"जमला तर पाठवा," कपिल म्हणाला. आणि पुंडलिकराव कामाला लागले.

आता एवढ्याशा लोखंडी पेटीसाठी माणसाने इतकं का जीवावर उदार व्हावं, असं कोणालाही वाटेल. त्याचं कारण असं की हा फ्रिज आला तेव्हा गल्लीत दुसरा नव्हता. शेजारचे पूनमसिंग तेव्हा कापसाचा ट्रक चालवायचे. यवतमाळला गाठी उतरवून रिकाम्या परत येणाऱ्या त्या ट्रकमध्ये फ्रिज उभा आला, आणि तो पडू नये म्हणून तरुण पुंडलिकराव त्याला मिठी मारून सगळा रस्ता उभे आले. लग्नाच्या वरातीतही त्यांनी इतकी छाती काढली नसेल. त्या दिवसापासून गल्लीत ते फ्रिजवाले झाले. समोरच्या बाबाराव गुरुजींच्या आईचं इन्सुलिन दाराच्या वरच्या खणात असायचं. पूनमसिंगच्या सुखीबाईचं दही मधल्या कप्प्यात, आणि खाली सगळ्या गल्लीची भिजवलेली कणीक. उन्हाळ्यात दुपारी पोट्टे दारात रांगेने उभे राहायचे आणि प्रत्येकाच्या वाटीत तानाबाई बर्फाचा एकेक तुकडा टाकायच्या. रिकामं भांडं परत जाऊ नये, ही गल्लीची रीत. दही ठेवलं तर नेताना वाटीभर दही मागे राहायचं, कणीक नेली तर संध्याकाळी दोन पोळ्या यायच्या. दारावरची ती सूचना त्याच गर्दीसाठी लिहिलेली होती. पुढे एकेक करून सगळ्यांनी आपापले फ्रिज घेतले. सूचना तशीच राहिली, वाचणारं मात्र कोणी उरलं नाही. याचं पुंडलिकरावांना वाईट वाटायचं, पण ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. फ्रिजवाल्याने असं सांगायचं नसतं.

फ्रिज बिघडल्याची खबर पसरली आणि गल्ली कितीतरी दिवसांनी त्यांच्या स्वयंपाकघरात जमली. पूनमसिंगांनी फ्रिजच्या मागे वाकून पाहिलं. "रेडिएटरचं पाणी कमी झालं असंल," ते म्हणाले. आयुष्यभर ट्रक चालवलेल्या माणसाला जगातला कुठलाही बिघाड रेडिएटरमध्येच दिसतो. सुखीबाईंचं मत, नजर लागली. तानाबाईंनी नजर कोणाची लागली ते नवऱ्याकडे पाहून सांगितलं.

बाबाराव गुरुजी मात्र विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी घरून स्पिरिटची बाटली आणली, कापसाचा बोळा भिजवला आणि पुंडलिकरावांच्या मनगटावर फिरवला. सगळे कौतुकाने पाहू लागले. पुंडलिकरावांना उगाच वाटलं की आता सुई येते.

"गार लागलं?"

"लागलं."

"काहून लागलं? स्पिरिट उडून गेलं, अन् जाता जाता तुमच्या हाताची गरमी घेऊन गेलं. माठ तेच करते, कूलरची वाळ्याची ताटी तेच करते. फरक इतकाच, का माठातलं पाणी गेलं ते गेलं. फ्रिजचा गॅस वापस येते. पातळ होऊन आत जाते, आत उकळते, दुधाची-भाजीची गरमी उचलते अन् वाफ होऊन बाहेर पळते. मंग खालचा कंप्रेसर त्याले धरून दाबते. दाबलं का तो तापते. मागच्या जाळीत सगळी गरमी टाकून देते, पुन्हा पातळ होते अन् पुन्हा आत जाते."

"थांबा गुरुजी. बर्फाच्या कप्प्यात उकळते?"

"उकळते. त्याले उकळायले चूल लागत नाही. थोडंसं मोकळं सोडलं का उकळला."

"आमच्या मोठ्या साहेबासारखा," पुंडलिकराव म्हणाले. "मंग संपते कधी?"

"संपतच नाही. तेवढाच गॅस जनमभर फिरत राह्यते. आतून उचलते, बाहेर टाकते." गुरुजींनी बोळा खाली ठेवला. "म्हणजे कोनं भोक नाही पाडलं तं."

सगळ्यांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. पुंडलिकराव मागच्या काळ्या जाळीकडे पाहत राहिले. ती जाळी कोमट असते हे त्यांना विज्ञानाच्या आधीपासून ठाऊक होतं. पावसाळ्यात गल्लीतल्या सगळ्या पोरांचे शाळेचे मोजे तिच्यावर वाळायचे. सकाळी आठ वाजता दारात कोणीतरी एका पायावर उभं असायचं आणि आतून तानाबाई विचारायच्या, "निळ्या पट्टीचा कोणाचा आहे रे?" आत दही गार होत होतं आणि मागे मोजे वाळत होते, आणि ते एकच काम होतं, हे पुंडलिकरावांना इतक्या वर्षांनी आज समजलं.

मेकॅनिक फुलचंद दुपारी आला. फुलचंद म्हणजे आर्णीतलं शीतकरणातलं शेवटचं नाव, असं तो स्वतः सांगतो. येताना तो पिशवी आणतो, पण पिशवीआधी चहा लागतो. त्याने कप्प्यातलं भोक पाहिलं आणि दाद दिली. "काका, भोक तं कोनीही पाडते. पण काय जागा साधली तुम्ही! बरोब्बर नळीवर. गॅस पूरा साफ."

"मंग भर."

"भरतो, पण यातला जुना गॅस आता बनतच नाही. बंद झाला. तो वर जाऊन आकाशाच्या पडद्याले भोक पाडते म्हणते. तुमचावाला पोहोचला असंल आतालोक."

पुंडलिकरावांनी नकळत वर पाहिलं. तिथे फक्त पंखा होता. पण त्या क्षणापासून त्यांच्या मनाला टोचणी लागली. आपण तहहयात प्रामाणिक नागरिक, रांगेत उभं राहून घरपट्टी भरणारे, आणि आपल्या पेचकसाने एकाच फटक्यात खाली एक आणि वर एक अशी दोन भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी ऊन वाढलं. पेपरात विदर्भ तापल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी पेपर घडी करून उशीखाली ठेवला. बाबाराव गुरुजींनी समजावलं की त्या पडद्याच्या भोकाचा आणि या उन्हाचा तसा सरळ संबंध नाही, आणि एका फ्रिजने तर काहीच होत नाही. "सुरुवात कोणी तरी करतेच ना गुरुजी," पुंडलिकराव खिन्नपणे म्हणाले.

फुलचंद बोलता बोलता एवढंच म्हणाला होता, की यवतमाळच्या एखाद्या सरकारी गोदामात जुन्या गॅसचा सिलेंडर पडलेला असू शकते. झालं. अर्ज हा तर पुंडलिकरावांचा प्रांत. त्यांनी रात्रीच्या जेवणाआधी अर्ज लिहिला, समास सोडला, आणि सकाळच्या एसटीने यवतमाळ गाठलं. कार्यालयाचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण कार्यालयं सगळीकडे सारखीच. पहिल्या टेबलाने दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे. साहेबांच्या खुर्चीवर टॉवेल होता, वर पंखा फिरत होता आणि साहेब मीटिंगमध्ये होते.

"काका, गॅस काहून पाह्यजे ते लिहिलं तुम्ही," टेबलावरचा तरुण बाबू म्हणाला. "पण कोण म्हणून मागून राह्यले ते नाही लिहिलं."

"फ्रिजवाला म्हणून."

"तसा रकाना नाही आपल्याकडे."

पुंडलिकरावांनी अर्जाचा समास बोटाने सरळ केला. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. असली वाक्यं त्यांच्याही टेबलावरून सुटली होती आणि फिरत फिरत, थंड होऊन, आज परत आली होती. सिलेंडर नष्ट करण्यासाठी एक समिती नेमली आहे आणि समिती बसली की कळवू, असं ठरलं. त्यांनी पोच घेतली आणि बसस्टँडवर उसाचा रस पिऊन परत आले. बाबूंच्या भाषेत बोलायचं तर प्रकरण विचाराधीन राहिलं.

फुलचंद म्हणाला, "अहो काका, दुसरा एक मिश्र गॅस येते ना. एक नवा गॅस असते त्याचं जुन्या कंप्रेसरच्या तेलाशी पटत नाही, सासू-सुनेसारखं. पण हा मिश्रवाला जमवून घेते. मी तवाच सांगणार होतो, पण तुम्ही अर्ज लिहायले बसले."

मात्र अॅल्युमिनियमच्या कप्प्याचं भोक बुजवायला यवतमाळच्या त्याच्या उस्तादाकडे फ्रिज न्यावा लागणार होता. गुरुवारी पूनमसिंगांनी भाच्याची पिकअप आणली. जाताना फ्रिज उभा, एका बाजूने पूनमसिंग आणि दुसऱ्या बाजूने पुंडलिकराव, दोघांनी धरलेला. दोघंही आता सत्तरीकडे झुकलेले. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा गुडघ्यांनी मोजला, तरी दोघांची तोंडं हसरी होती. पूनमसिंग म्हणाले, "पुंडलिकभाऊ, तवा तुम्ही माह्या ट्रकात याले धरून गाणं म्हणत आलते." पुंडलिकराव म्हणाले, "गाणं नाही, हनुमान चालिसा. तुमचं चालवणं पाहून."

उस्तादाने भोक बुजवलं. फुलचंदने गॅस भरला. चालू करून पाहिलं तर कप्प्यावर पांढरी साय धरली. पुंडलिकरावांनी बोट लावलं आणि त्यांचे डोळे भरून आले, पण त्याचं खापर त्यांनी उन्हावर फोडलं. शनिवारी फ्रिज परत आणायचा होता, पण त्या दिवशी पूनमसिंगांना वणीला एका लग्नाला जायचं होतं, आणि फुलचंदला यवतमाळातच एक दुसरं काम निघालं. तेव्हा पुंडलिकरावांनी परक्या पिकअपमध्ये फ्रिज एकट्याने आणला. आणि इथे त्यांच्या प्रेमाने घात केला. इतकं मोठं ऑपरेशन झालेल्याला उभं कसं न्यायचं? शिवाय धरायला दुसरं माणूस नाही आणि गुरुवारपासून गुडघे बोलत होते. त्यांनी उस्तादाकडून जुनी गादी मागून घेतली, फ्रिजला तिच्यावर आडवं केलं, डोक्याकडच्या बाजूला उशी दिली आणि वरून चादर घातली. सगळ्या रस्त्याने ते शेजारी बसून होते. मध्ये एकदा त्यांनी चादर नीट केली.

घरी पोचून त्यांनी फुलचंदला फोन केला.

"उभाच आणला ना काका?"

"नाही. झोपवून आणला. एकदम आरामात."

पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग फुलचंद म्हणाला, "कंप्रेसरमध्ये तेल असते काका. झोपवलं का ते नळ्यांमध्ये चढते. आता त्याले उभा करा, अन् उद्या दुपार टळेपर्यंत बटनाले हात नोका लावू. तेल खाली उतरू द्या. जबरदस्ती केली तं कंप्रेसर बसते. मंग मी काय, माहा उस्तादही काही करू शकत नाही."

उद्या म्हणजे रविवार. उद्या दुपारीच जेवण. पुंडलिकरावांनी फ्रिज उभा केला, समोर खुर्ची टाकली आणि तेल उतरण्याची वाट पाहू लागले. तेल उतरताना दिसत नाही, हा त्यातला मोठा दोष.

रविवारी सकाळी जावई जेवणाच्या बऱ्याच आधी आले. उन्हाच्या आत निघालो म्हणाले. तानाबाईंनी रसाची तीन मोठी पातेली काढून ठेवली होती, आणि स्वयंपाकघर असं तापलं होतं की रस राहतो की आंबतो अशी परिस्थिती. वैष्णवी म्हणाली, "बाबा, फ्रिज चालू झाला ना?" कपिलचा फोन आला, "बाबा, जमला का बर्फ?" पुंडलिकरावांनी घड्याळ पाहिलं, पातेली पाहिली, जावयाच्या कपाळावरचा घाम पाहिला. दुपार टळण्याची वाट पाहिली तर जेवण होऊन जाणार, बर्फ जमणार नाही आणि सोमवार येणार. तेल सकाळपर्यंत उतरलंच असेल, त्यालाही काही लाज असेल, असा विचार करून त्यांनी बटन दाबलं.

फ्रिज घर्र म्हणाला. मग टक् म्हणाला. मग काहीच म्हणाला नाही. दार उघडलं तर आतला दिवा मात्र लागला, अगदी नेहमीसारखा.

तानाबाई मागे उभ्या होत्या. त्या ओरडतील म्हणून पुंडलिकरावांनी खांदे आवळले. पण त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला, उचला ते पातेलं. गुरुजींच्या इथं ठेवून या. एक मी सुखीबाईकडे देतो, एक मागच्या गल्लीत धाडतो."

"आपले भांडे दुसऱ्याच्या फ्रिजात? मी मागायले जाऊ?"

"वीस-वीस वर्ष त्यांचे आपल्या इथं होते, तवा ते काय मागायले आलते? ठेवायले आलते. तुम्हीही ठेवायले जा."

पुंडलिकराव पातेलं घेऊन निघाले. ती गल्ली ओलांडायला लागतात जेमतेम काही पावलं, पण फ्रिजवाल्याला ती फार लांब वाटली. बाबाराव गुरुजींनी दार उघडलं, पातेलं पाहिलं आणि ते हातात घेतलं. त्यांच्या बायकोने, कौसल्याबाईंनी, फ्रिजातल्या बाटल्या बाजूला सारल्या आणि पातेल्यावर झाकणी ठेवली. "जवाई किती वाजता जेवतीन?" एवढंच त्या म्हणाल्या.

पानं मांडली आणि पातेली परत येऊ लागली. आता पेच असा की रिकामं भांडं परत जाऊ नये ही रीत, पण भांडी तर रसाने काठोकाठ भरलेली. त्यात भरायचं काय? गल्लीने त्यावर तोड काढली. पातेल्यासोबत कौसल्याबाईंच्या हातात रसासोबत खायच्या सरगुंड्यांचं ताट आलं, सुखीबाईंसोबत तिळाची चटणी आली, मागच्या गल्लीतल्यांसोबत पापड आले, आणि पूनमसिंग तर वणीहून सकाळीच आलेले, ते स्वतःच आले. ताटं घेऊन आलेली माणसं परत कशी जाणार? पंगत दाराबाहेरपर्यंत गेली. किती दिवसांनी त्या घरात वाढणारे हात कमी पडले.

जावयांनी रसाची पहिली वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटले. "मामंजी," ते म्हणाले, "काय गार आहे हो! आमच्या इतक्या महागाच्या फ्रिजात असा गारवा येत नाही. हा जुनाच ना तुमचा?"

पंगत थांबली. पुंडलिकरावांच्या हातातला घास हातातच राहिला. ज्यांच्या ज्यांच्या घरातून तो गारवा आला होता, ते सगळे समोर बसले होते. सुखीबाई आपल्या ताटाकडे पाहू लागल्या. वैष्णवीने ओठ दाबून धरले.

"जुनं मशीन हाय," बाबाराव गुरुजी सरगुंडा मोडत शांतपणे म्हणाले.

"जुन्याची बातच अलग राह्यते," पूनमसिंग म्हणाले. "घ्या जवाई, आणखी घ्या."

पुंडलिकरावांनी घास खाली ठेवला. त्यांना त्या क्षणी गल्लीतल्या एकेका माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते यजमान होते म्हणून त्यांनी रस वाढला. जेवणं झाल्यावर कपिलचा पुन्हा फोन आला. "बर्फ नाही जमला," पुंडलिकराव म्हणाले. "उद्या पाठव."

सोमवारी माणसं आली. नवा फ्रिज उंच, राखाडी, आणि इतका शांत की चालू आहे की रुसला आहे ते कळेना. जुना भिंतीपासून ओढला तेव्हा जाळीच्या खालून जळमटांत अडकलेला एक लहान मोजा पडला. निळ्या पट्टीचा. तानाबाईंनी तो झटकला आणि जोरात हाक मारली, "निळ्या पट्टीचा कोणाचा आहे रे?"

पलीकडच्या ओसरीवरून पूनमसिंग आले. मोजा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "आयुषचा," ते म्हणाले. त्यांचा आयुष आता वणीला पोलिसात आहे, अंगापिंडाने दारात मावत नाही. "याच्यासाठी गुरुजींनी त्याले शाळेत उभं केलतं." बाबाराव गुरुजी म्हणाले, "मी नाही, हेडमास्तरनं." पूनमसिंगांनी मोजा घडी करून खिशात ठेवला. फोटो काढून आयुषला धाडतो म्हणाले, तो ड्यूटीवर हसंल.

माणसं फ्रिज उचलू लागली तेव्हा पुंडलिकराव पुढे झाले. "उभा न्या," ते म्हणाले. माणसं म्हणाली, काका, हा तर भंगारात जाणार. "जाऊ द्या. पण उभा न्या." आणि गाडी वळणापर्यंत जाईस्तोवर ते रस्त्यात उभे राहिले. दारावरची सूचना त्यांनी आधीच सोडवून घेतली होती. नव्याच्या दारावर ती चिकटेना, फारच गुळगुळीत दार.

पुढच्या दोन दिवसांत नव्या फ्रिजात काय होतं? अर्धा पत्ताकोबी, दुधाचं पातेलं, आणि एका कोपऱ्यात उरलेल्या रसाची वाटी. दिवा इतका मोठा की रिकामेपण लख्ख दिसायचं. पुंडलिकराव दिवसातून चारदा दार उघडून, आपलीच सूचना मोडून, विचार करत उभे राहायचे. आता मेला गॅस आत-बाहेर फिरत असेल, इकडून उचलून तिकडे टाकत असेल, पण घरातून घराकडे काहीच फिरत नव्हतं.

बुधवारी दुपारी त्यांनी रसाची वाटी काढली, तिच्यावर बशी झाकली आणि चप्पल घातली. तानाबाई पंख्याखाली गहू निवडत होत्या. "कुठं?" त्यांनी विचारलं.

"आलो."

बाबाराव गुरुजींनी दार उघडलं. पुंडलिकरावांनी वाटी पुढे केली आणि घसा साफ केला. "गुरुजी, हे जरा तुमच्या फ्रिजात ठेवता का? आमच्या फ्रिजात जागा नाही."

गुरुजींनी वाटीकडे पाहिलं, मग समोरच्या घराकडे, जिथे सोमवारीच सगळ्या गल्लीदेखत एक राखाडी डोंगर आत गेला होता. त्यांनी मान डोलवली. वाटी घेतली, आत गेले, फ्रिजचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात दह्याचं भांडं होतं.

"बरं झालं तुम्ही आले," गुरुजी म्हणाले. "हे तुमच्या इथं ठेवा. आमच्याही फ्रिजात जागा नाही."